घरच्या नेटवर्कवर डोमेन सारखं तुटतंय: पाच कॉम्प्युटरांच्या दुरुस्तीच्या नोंदी

जागा: पुण्यातलं घर. एका खोलीत कर-सल्ला आणि अकाउंट्सचं काम, बाकी घर नेहमीसारखं. तीन डेस्कटॉप (टेबल-१, २ आणि ३, विंडोज १० प्रो) आणि दोन लॅपटॉप (लॅपटॉप-क आणि ख, विंडोज ११ प्रो) डोमेनला, म्हणजे एकाच सर्व्हरवरून खाती आणि लॉगइन सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, जोडलेले. एका मिनी पीसीवर हायपर-व्ही (एका कॉम्प्युटरात दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवणारी विंडोजची सोय), त्यात विंडोज सर्व्हर २०२२ ची एकच व्हर्च्युअल मशीन. डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर), डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) आणि टॅलीचा डेटा ठेवलेलं शेअर (नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता येणारं फोल्डर), सगळं तिच्यातच. पत्ता १९२.१६८.१.१०. इंटरनेट फायबरचं, कंपनीने दिलेल्या ओएनटीवरून (फायबर घरात जिथे येतं तो राउटरचा डबा). त्याचा पत्ता १९२.१६८.१.१.

डोमेनचं नाव एडी.होम.आर्पा. होम.आर्पा हे नाव घरगुती नेटवर्कसाठीच राखून ठेवलेलं आहे (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज आरएफसी ८३७५), त्यामुळे ते बाहेरच्या कुणाच्या नावाशी भिडत नाही. डॉट लोकल मुद्दाम टाळलं होतं, कारण प्रिंटर, मॅक आणि लिनक्स ते नाव एमडीएनएससाठी, म्हणजे सर्व्हरशिवाय एकमेकांना शोधण्यासाठी, वापरतात.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरायची.

७ जून २०२५, शनिवार

तक्रार अशी: सकाळी लॉगइन नीट होतं. अकरा-बाराच्या सुमारास एखाद्या मशीनवर टॅलीच्या ड्राइव्हवर लाल फुली येते. शेअर उघडायला गेलं तर संदेश येतो की हे डोमेन अस्तित्वात नाही किंवा त्याच्याशी संपर्क होत नाही. दहा मिनिटांनी, कधी चाळीस मिनिटांनी, आपोआप सुरळीत होतं. रोज मशीन वेगळं. या सगळ्या वेळात इंटरनेट व्यवस्थित चालू असतं, आणि त्यामुळेच सगळ्यांची समजूत झाली होती की नेटवर्क ठीक आहे, बिघाड सर्व्हरमध्ये आहे.

आज तपासून बाजूला काढलेल्या गोष्टी: केबल, स्विचचा पोर्ट, नेटवर्क कार्डाची वीजबचत. सर्व्हरची मुदत 'एसएलएमजीआर /एक्सपीआर' ने पाहिली. ज्यांनी १८० दिवसांची चाचणी आवृत्ती टाकली आहे त्यांनी हे सगळ्यात आधी पाहावं. मुदत संपली की सर्व्हर दर तासाला स्वतःहून बंद होतो. शिवाय चाचणी आवृत्तीवर डोमेन कंट्रोलर बसवला असेल तर ती जागच्या जागी पूर्ण आवृत्तीत बदलता येत नाही. इथे परवाना पक्का आहे, तो प्रश्न नव्हता.

एक गोष्ट दिसली होती, पण तिचा अर्थ आज लावला नाही. डोमेन तुटलेलं असताना एक्सप्लोररमध्ये सर्व्हरच्या नावाऐवजी थेट १९२.१६८.१.१० लिहिलं की शेअर उघडत होतं. दोष नावापासून पत्त्यापर्यंतच्या वाटेवर आहे, हे इथेच कळायला हवं होतं. पुढचे सात दिवस वाचले असते.

८ जून, रविवार

आजचा दिवस चुकीचा गेला. ही चूक बहुतेक जण करतात, म्हणून सविस्तर लिहितो.

टेबल-२ डोमेनमधून काढून वर्कग्रुपमध्ये टाकला आणि पुन्हा जोडायला घेतला. जोडणी नाकारली गेली, कोड ०एक्सएएसी. अर्थ: याच नावाचं कॉम्प्युटर खातं डोमेनमध्ये आधीच आहे आणि ते पुन्हा वापरायला सुरक्षा धोरणाची मनाई आहे. ऑक्टोबर २०२२ च्या विंडोज अपडेटपासून हा नियम कडक झाला आहे. ज्या खात्याने मशीन पहिल्यांदा जोडलं त्याच खात्याने ते पुन्हा जोडता येतं, किंवा मूळ जोडणी डोमेन अॅडमिनने केलेली असावी लागते. टेबल-२ पहिल्यांदा एका साध्या यूजरच्या खात्याने जोडलेला होता.

मग अॅक्टिव्ह डिरेक्टरीतलं (डोमेनची सगळी खाती ठेवणारी सर्व्हरवरची यादी) टेबल-२ चं खातंच उडवलं. उडवताना खिडकी आली की या खात्याच्या आत आणखी वस्तू आहेत, त्याही जातील, नक्की ना? 'होय' दाबलं. त्या आतल्या वस्तू म्हणजे बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की होती. डिरेक्टरीचा रिसायकल बिन चालू केलेला नव्हता, त्यामुळे परत आणण्याचा सोपा मार्ग उरला नाही.

डिस्क त्या वेळी उघडलेली होती म्हणून निभावलं. टेबल-२ वर अॅडमिन म्हणून 'मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:' ने की वाचली, कागदावर उतरवली. मशीन पुन्हा जोडल्यावर '-प्रोटेक्टर्स -एडीबॅकअप' आणि कीचा आयडी देऊन ती डिरेक्टरीत परत पाठवली. मशीन बंद असतं आणि पुढच्या वेळी बायॉसमधल्या एखाद्या बदलामुळे की मागितली असती, तर सगळी डिस्क गेली असती.

रिसायकल बिन आजच चालू केला. एकदा चालू केला की बंद करता येत नाही, पण बंद करायचं कारणही नाही.

गेलेला वेळ: पाच तास. सोमवारी ११:४० ला टेबल-२ पुन्हा तुटला.

१० जून, मंगळवार

उद्या जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख, त्यामुळे कशालाही हात लावायचा नाही. फक्त नोंद ठेवायची.

पाचही मशीनवर टास्क शेड्यूलरमधून दर पाच मिनिटांनी चालणारी छोटी फाइल बसवली. ती तीन गोष्टी टेक्स्ट फाइलमध्ये लिहिते: वेळ, त्या क्षणी मशीनकडे असलेले डीएनएसचे पत्ते, आणि 'एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी:एडी.होम.आर्पा /फोर्स' चं उत्तर. '/फोर्स' विसरू नका. ते नसेल तर नेटलॉगऑन (डोमेन कंट्रोलर शोधणारी विंडोजची सेवा) आधी लक्षात ठेवलेलं उत्तरच परत देतो आणि तुटलेलं डोमेनही जोडलेलं दिसतं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मशीनच्या बाजूला तीन आकडे सापडले: ५७१९ (नेटलॉगऑनला डोमेन कंट्रोलर सापडत नाही), १०५४ (ग्रुप पॉलिसीला, म्हणजे सर्व्हरवरून मशीनना सेटिंग देणाऱ्या सोयीला, कंट्रोलरचं नाव मिळत नाही), आणि क्वचित ११२९. १०५४ दिसला की डीएनएसकडे वळायचं.

१४ जून, शनिवार

चार दिवसांच्या नोंदी पाहिल्या. तुटण्याच्या प्रत्येक वेळी 'एनएलटेस्ट' चं उत्तर एकच: १३५५, असं डोमेन नाही.

पत्ते वाटण्याचं काम (डीएचसीपी) ओएनटी करत होता. त्यात डीएनएस पहिला १९२.१६८.१.१०, दुसरा ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस). सर्व्हर बंद पडला तर घरातलं इंटरनेट तरी चालू राहावं म्हणून दुसरा पत्ता कुणीतरी भरलेला. असा दुसरा पत्ता जवळजवळ प्रत्येक घरी दिसतो आणि डोमेनसाठी तो घातक आहे. दुसरा डीएनएस हा राखीव खेळाडू आहे अशी समजूत असते. प्रत्यक्षात पहिल्याकडून उत्तर यायला जरा उशीर झाला की विंडोज दुसऱ्याला विचारतं. दुसरा प्रामाणिकपणे सांगतो की एडी.होम.आर्पा नावाचं काही नाही. 'नाही' हेसुद्धा पूर्ण उत्तर असतं, त्यामुळे विंडोज पुन्हा पहिल्याकडे जात नाही.

दुसरा पत्ता काढून टाकला. पाचही मशीनवर 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' आणि '/फ्लशडीएनएस'. सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर म्हणून (स्वतःला माहीत नसलेली नावं ज्याला विचारायची तो) ८.८.८.८ भरला. बाहेरचा पत्ता ठेवायची योग्य जागा हीच.

संध्याकाळपर्यंत एकही तूट नाही.

१५ जून, रविवार

सकाळी ९:२० ला लॅपटॉप-क, ९:३५ ला टेबल-३. दोन्हीकडे १३५५.

नोंदीची फाइल उघडून ओळी एकाखाली एक ठेवल्या:

९:१५ / डीएनएस: १९२.१६८.१.१० / ठीक
९:२० / डीएनएस: एफई८०::१, १९२.१६८.१.१० / १३५५

त्या पाच मिनिटांत यादीच्या डोक्यावर एक नवा पत्ता येऊन बसला होता. मागच्या चार दिवसांच्या फाइली पुन्हा पाहिल्या, तिथेही तेच. ८.८.८.८ मुळेही काही तुटी झाल्या असतील, पण मोठ्या तुटींच्या प्रत्येक ओळीत एफई८०::१ होता. शनिवारी नजर फक्त आयपीव्ही४ च्या (१९२.१६८ सारख्या, जुन्या पद्धतीच्या) पत्त्यांवर होती, म्हणून तो निसटला.

एफई८०::१ म्हणजे ओएनटी स्वतः. फायबर कंपनी आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) देते. ओएनटी घरात राउटर अॅडव्हर्टाइजमेंट (राउटरची स्वतःबद्दलची जाहिरात) पाठवतो आणि त्यातच 'डीएनएस माझ्याकडे विचारा' असंही जाहीर करतो. विंडोज १० आवृत्ती १७०३ पासून हे जाहीर केलेले डीएनएस पत्ते स्वीकारतं. डीएचसीपीमध्ये काय भरलं आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून डीएचसीपी कितीही वेळा तपासलं तरी ते हाती लागत नाही. आणि आयपीव्ही६ चा पत्ता यादीत वर बसतो.

रोजची वेळ आणि मशीन बदलायचं कारणही फाइलींवरून लागलं. कंपनीकडची आयपीव्ही६ जोडणी चालू असेल तेव्हाच हा ओएनटी तो पत्ता जाहीर करतो. ती जोडणी दिवसातून दोन-तीनदा पडते आणि उठते. त्यातच ज्या मशीनने कंट्रोलर नुकताच शोधून लक्षात ठेवला आहे ते थोडा वेळ तग धरतं. जे झोपेतून उठलं आहे ते लगेच पडतं.

स्वतः पडताळायचं असेल तर 'एनएसलुकअप' वर विसंबू नका. ते विंडोजच्या नेहमीच्या वाटेने न जाता स्वतःच विचारणा करतं. पॉवरशेलमध्ये 'रिझॉल्व्ह-डीएनएसनेम' वापरा, प्रकार एसआरव्ही (कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंद), नाव '_एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.एडी.होम.आर्पा'. मशीन डोमेन शोधताना हेच नाव विचारतं. उत्तरात सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ३८९ आला म्हणजे वाट मोकळी.

१६ आणि १७ जून

ओएनटीमधला हा डीएनएस बंद करायचा पर्याय ग्राहकाच्या लॉगइनला दिसत नाही. कंपनीला फोन केला, उत्तर मिळालं की ते बदलता येत नाही. पाऊण तास गेला.

मग पाचही मशीनच्या अडॅप्टरवरची आयपीव्ही६ ची खूण काढली. सोमवार शांत गेला. मंगळवारी लॅपटॉप-क टेबलावरच्या डॉकला लावला आणि तुटला. डॉकमधलं नेटवर्क कार्ड हा वेगळा अडॅप्टर, त्याची खूण वेगळी, वाय-फायची वेगळी. प्रत्येक नव्या कार्डामागे हेच करत बसावं लागणार. शिवाय आयपीव्ही६ सरसकट बंद करू नये असंच मायक्रोसॉफ्टचं सांगणं आहे. सर्व्हरवर तर हात लावूच नये.

सगळ्या खुणा परत लावल्या. त्याऐवजी प्रत्येक अडॅप्टरवर 'नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही६ सेट इंटरफेस', अडॅप्टरचं नाव आणि 'आरएबेस्डडीएनएसकॉन्फिग=डिसेबल' ही आज्ञा दिली. आयपीव्ही६ चालू राहतं, फक्त जाहिरातीतला डीएनएस घेतला जात नाही. हेही अडॅप्टरगणिक करावं लागतं, त्यामुळे उपाय तात्पुरता. पण ज्यांना नवा राउटर घ्यायचा नाही त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

१९ जून, गुरुवार

दुपारी दोन तास वीज गेली. ६०० व्हीएचा यूपीएस पंधरा-वीस मिनिटं टिकला. वीज आल्यावर पाचही मशीन डोमेनबाहेर, आणि या वेळी संदेश वेगळा: मशीन आणि सर्व्हर यांच्या तारीख-वेळेत फरक आहे.

सर्व्हरवर तारीख १ जानेवारी २०२२. केर्बेरॉसला (डोमेनमध्ये ओळख पटवणारी पद्धत) पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, इथे साडेतीन वर्षांचा होता.

मिनी पीसीची सीमॉस बॅटरी संपली होती, त्यामुळे वीज पूर्ण गेली की त्याचं घड्याळ बायॉसच्या मूळ तारखेवर जातं. व्हर्च्युअल मशीन सुरू होताना वेळ होस्टकडूनच, म्हणजे मिनी पीसीकडूनच, घेते. हायपर-व्हीमधलं टाइम सिंक बंद ठेवलं तरी सुरुवातीची वेळ तिथूनच येते. मागाहून इंटरनेट आलं, टाइम सर्व्हरही सापडला, तरी घड्याळ दुरुस्त झालं नाही. इव्हेंट ३४ मध्ये कारण लिहिलेलं होतं: डोमेन कंट्रोलर एका वेळी १,७२,८०० सेकंदांहून, म्हणजे ४८ तासांहून मोठी दुरुस्ती स्वीकारत नाही. होस्ट वर्कग्रुपमध्ये आहे, त्याची मर्यादा ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तास. दोघांनीही बरोबर वेळ नाकारली. नियम योग्य आहे, चुकीच्या टाइम सर्व्हरमुळे आख्खं डोमेन भरकटू नये म्हणून तो ठेवलेला आहे.

आधी होस्टची आणि मग सर्व्हरची वेळ हाताने लावली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. वीस मिनिटांत सगळी मशीन जोडली गेली. चुकीच्या तारखेच्या काळात कुणी पासवर्ड बदलला नव्हता हे तपासून घेतलं. घड्याळ पुढच्या वर्षांत उडी मारतं तेव्हा नुकसान जास्त होतं, कारण डिरेक्टरी जुनी झाली असं समजून काढून टाकलेल्या वस्तू कायमच्या साफ करू शकते, रिसायकल बिनसकट.

२१ जून, शनिवार

बॅटरी. सीआर२०३२ चा सेल ४० रुपयांना आणला आणि मिनी पीसी उघडल्यावर कळलं की तो बसणार नाही. या पेटीत सेलची खोबण नाही. काळ्या वेष्टनात गुंडाळलेला सेल, त्याला लाल-काळ्या दोन बारीक तारा आणि टोकाला दोन पिनांचा इवलासा कनेक्टर, रॅमच्या शेजारी चिकटवलेला. मिनी पीसीत हाच प्रकार जास्त असतो, आधी उघडून बघा. तारांसकट सेल १८० रुपयांना मिळाला. जुना मल्टिमीटरवर २.१ व्होल्ट, नवा ३.२.

बाकीचे बदल हायपर-व्हीत केले. टाइम सिंक्रोनायझेशनची खूण काढली. सर्व्हरला टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग कडून वेळ घ्यायला लावली. ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची, भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या संस्थेची सेवा आहे. होस्टलाही तोच पत्ता. व्हर्च्युअल मशीन आपोआप सुरू होण्याआधी ३०० सेकंदांची वाट ठेवली, म्हणजे तोवर ओएनटी उठतो आणि होस्टची वेळ जुळते. होस्ट बंद होताना मशीनची स्थिती 'सेव्ह' न करता ती रीतसर 'शटडाउन' व्हावी असं लावलं. डोमेन कंट्रोलर गोठवून ठेवू नये.

आजच लॅपटॉप-ख चं वेगळं दुखणं निघालं. त्याची डिस्क बदलून मार्चमधली इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत) टाकली होती. लॉगइनला संदेश: या मशीनचा डोमेनशी विश्वासाचा संबंध तुटला आहे. मशीनला स्वतःचा पासवर्ड असतो आणि ते तो दर ३० दिवसांनी बदलतं. इमेजमध्ये मार्चचा पासवर्ड, डिरेक्टरीत जूनचा. सर्व्हरवर इव्हेंट ५७२२, लॅपटॉपवर ३२१०.

८ जूनची चूक पुन्हा केली नाही. लोकल अॅडमिनचं खातं बंद होतं, म्हणून केबल काढून, वाय-फाय बंद करून डोमेनच्याच अॅडमिन खात्याने लॉगइन केलं. ते खातं या लॅपटॉपवर आधी वापरलेलं असल्याने साठवलेल्या ओळखीवर आत जाता येतं. मग केबल लावली आणि पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल -रिपेअर -क्रेडेन्शियल' देऊन डोमेन अॅडमिनचं नाव. उत्तर 'ट्रू'. दोन मिनिटांचं काम, ना खातं उडालं ना की. ही आज्ञा विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्येच आहे, वेगळ्या टाकलेल्या पॉवरशेल ७ मध्ये नाही.

२८ जून, शनिवार

कायमचा उपाय: ओएनटीच्या मागे स्वतःचा राउटर. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालणारा, गिगाबिट पोर्टांचा, ३,२०० रुपये. ओएनटीचा पत्ता बदलून १९२.१६८.१००.१ केला आणि १९२.१६८.१ ची मालिका नव्या राउटरला दिली. त्यामुळे सर्व्हरचा पत्ता बदलावा लागला नाही. डोमेन कंट्रोलरचा पत्ता बदलणं शक्य असेल तेवढं टाळावं.

डीएचसीपीत पर्याय ६ ला (डीएनएस) फक्त १९२.१६८.१.१०, पर्याय १५ ला (डोमेनचं नाव) एडी.होम.आर्पा.

दुपारी पहिल्या तासातच टेबल-१ वर १३५५. यादीच्या वर या वेळी 'एफडी' ने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता. ओपनडब्ल्यूआरटी मूळ मांडणीत घरापुरती आयपीव्ही६ मालिका तयार करतं आणि स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करतं. आजार तोच, पत्ता नवा. फरक एवढाच की इथे ते बंद करता येतं: लॅन इंटरफेस, डीएचसीपी सर्व्हर, आयपीव्ही६ सेटिंग्ज, तिथली 'लोकल आयपीव्ही६ डीएनएस सर्व्हर' ही खूण काढायची. काढली. मशीनना केबल काढून-लावून नवी यादी घ्यायला लावली. पाचही ठिकाणी फक्त १९२.१६८.१.१०.

मोबाइल, टीव्ही आणि पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय आणि वेगळी मालिका केली, त्यांचा डीएनएस राउटरच. आता सर्व्हर बंद असला तरी घरातलं इंटरनेट चालू राहतं, त्यामुळे डोमेनच्या मशीनमध्ये दुसरा पत्ता भरायचा मोह कुणाला होणार नाही. ज्या घरात सगळं एकाच वाय-फायवर आहे तिथे तो दुसरा पत्ता कधी ना कधी परत येतोच.

२९ जून, रविवार

आणखी एक कडी लावून ठेवली. उद्या एखाद्या मशीनने चुकून राउटरलाच विचारलं तरी एडी.होम.आर्पाची चौकशी सर्व्हरकडे जावी, म्हणून राउटरच्या डीएनएस फॉरवर्डिंगमध्ये '/एडी.होम.आर्पा/१९२.१६८.१.१०' भरलं.

तपासणी राउटरला मुद्दाम विचारून केली. एसआरव्ही नोंद आली, पण सर्व्हरच्या नावाचा पत्ता काही येईना. दीड तास सर्व्हरवर शोधाशोध केली. कारण राउटरच्या लॉगमध्ये होतं: डीएनएस-रीबाइंड हल्ल्याची (बाहेरचं नाव घरातल्या पत्त्याकडे वळवण्याची फसवणूक) शक्यता. राउटर दुसऱ्या डीएनएसकडून आलेला खासगी पत्ता संशयाने टाकून देतो. एसआरव्हीत नाव असतं, पत्ता नसतो, म्हणून ती नोंद सुटली, पत्त्याची अडकली. रीबाइंड संरक्षण बंद केलं नाही, सूट दिलेल्या डोमेनच्या यादीत एडी.होम.आर्पा घातलं. लगेच पत्ता आला.

१७ जूनची 'नेटएसएच' ची आज्ञा आता मागे घेतली.

५ जुलै, शनिवार

मुद्दाम मेन स्विच पाडून चाचणी. यूपीएस संपू दिला. वीज दिल्यावर तारीख बरोबर, सर्व्हर पाच मिनिटांनी सुरू झाला, डीएनएस आणि केर्बेरॉस चालू. तरीही मशीन जोडली जाईनात. 'टेस्ट-नेटकनेक्शन' ने पोर्ट ३८९ आणि ४४५ बंद दाखवले.

सर्व्हरवर 'गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल': 'पब्लिक'. हा घरचा ठरलेला त्रास आहे, कारण घरी कंट्रोलर एकच असतो. सुरू होताना विंडोज आपण कोणत्या नेटवर्कवर आहोत हे ठरवायला डोमेन कंट्रोलर शोधतं. तो कंट्रोलर म्हणजे ते स्वतःच, आणि डिरेक्टरी व डीएनएस अजून उठलेले नसतात. मग नेटवर्क अनोळखी ठरतं आणि फायरवॉल दारं लावून घेतं. १९ जूनलाही हे झालं असणार, पण तेव्हा घड्याळाच्या गोंधळात दिसलं नाही.

अडॅप्टर बंद-चालू केला की लगेच 'डोमेन ऑथेंटिकेटेड'. सर्व्हरवर टास्क बसवला: सुरू झाल्यावर तीन मिनिटांनी 'रीस्टार्ट-नेटअडॅप्टर'. पुन्हा दोनदा वीज पाडून पाहिलं, दोन्ही वेळा पाचही मशीन कुणी हात न लावता जोडली गेली.

सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला कागद लावला. तक्रार आली की आधी मशीनवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' आणि डीएनएसची संपूर्ण यादी, आयपीव्ही६ सकट. मग दोन्हीकडची तारीख-वेळ. मग सर्व्हरवरचा नेटवर्क प्रोफाइल. मग 'एनएलटेस्ट /एससी_व्हेरिफाय'. डोमेनमधून मशीन काढायचं नाही, आणि काढायलाच लागलं तर आधी बिटलॉकरची की कागदावर.

२ ऑगस्ट, शनिवार

चार आठवड्यांच्या नोंदी तपासल्या. पाचही मशीनवर १३५५ एकदाही नाही. इव्हेंट ५७१९ सात वेळा, सातही वेळा लॅपटॉप-क, झोपेतून उठल्यावर वाय-फाय लागेपर्यंतच्या सेकंदांत. त्याने काम अडत नाही. सुरू होताना मॅप केलेले ड्राइव्ह कधी कधी येत नव्हते, त्यासाठी ग्रुप पॉलिसीत 'लॉगइनच्या वेळी नेटवर्कची वाट पाहा' हा पर्याय चालू केला.

खर्च: राउटर ३,२०० रुपये, तारांसकट सेल १८०, न बसलेला सेल ४०. एकूण ३,४२०. वेळ सुमारे ३१ तास, त्यातले पाच ८ जूनचे आणि दीड रीबाइंडचे वाया.

बाकी काम: दुसरा डोमेन कंट्रोलर, वेगळ्या मशीनवर. तो आला की डीएनएसच्या यादीत दुसरा पत्ता भरता येईल, कारण त्यालाही एडी.होम.आर्पा माहीत असेल. आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे अपडेट मिळणार नाहीत, त्यामुळे तिन्ही डेस्कटॉप त्याआधी ११ वर न्यायचे आहेत. सुरुवात टेबल-३ पासून, जीएसटीआर-३बी ची २० तारीख उलटल्यावर.